नळाला पाणी येण्याआधीची नगरपालिका

किस्से शोधत फिरावं लागतं ते इतरांना. नगरपालिकेत नोकरी केलेल्या माणसाकडं ते आपोआप साचतात. रस्ता, गटार, खांबावरचा दिवा, पोराचा जन्म, म्हाताऱ्याचं मरण... गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी आमच्या दारात यायचा आणि जाताना काहीतरी बोलून जायचा. आता रिटायर होऊन मी लातूरला मुलाकडं राहते. संध्याकाळी बिल्डिंगखालच्या बाकावर बायका जमल्या की म्हणतात, "सुमनताई, तुमच्या हापिसातलं सांगा की." एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याच्या पाठोपाठ येऊन उभा! आणि सांगता सांगता मीच तिकडं जाऊन बसते. घरी बोलवायला कुणी आलं की मग ध्यानात येतं, अरे, हे तर लातूर!

*

मी टायपिस्ट म्हणून लागले ते एका दुष्काळाच्या साली. जळकोटच्या अलीकडं आमचं गाव, पत्र्याचं हापिस, आणि सगळ्या हापिसात मी एकटी बाई. मला मिळालेल्या टाइपरायटरचं नेमकं 'ळ' हे अक्षर मोडलेलं! आणि आमचा कारभार तर सगळा त्याच अक्षरावर. नळ, दुष्काळ, तळं, गाळ! पत्रं जायची ती 'नलयोजना' आणि 'दुष्काल' अशीच.

मुख्याधिकारी साहेब पुण्याकडून नवीनच आलेले. त्यांनी मला आणि हेडक्लार्कना आत बोलावलं. हेडक्लार्कना सगळा गाव बडेबाबू म्हणायचा. साहेब कागद फडकवत म्हणाले, "हा काय प्रकार आहे? नल काय, दुष्काल काय?"

मी बडेबाबूंच्या मागं सरकले. बडेबाबूंनी शांतपणे सुपारी गालात सरकवली.

"साहेब, नळाला पाणीच न्हाई. नुसता ळ घेऊन काय करायचं?"

साहेब इतके हसले की माझी भीती गेली ती कायमचीच. नवा टाइपरायटर काही आला नाही. मी प्रत्येक पत्रावर पेनानं ळ काढत गेले. आजसुद्धा कुठं 'नळ' छापलेला दिसला की मला त्यात काहीतरी कमी आहे असं वाटतं.

*

त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला. त्याआधी जिल्ह्याच्या कामाला उस्मानाबाद गाठायचं म्हणजे अंधारात एस.टी. धरायची आणि अंधारातच परत यायचं. त्यामुळं गावाला आनंद केवढा! पेंटर आला, हापिसाच्या पाटीवरची खालची ओळ पुसून त्यानं नवा जिल्हा लिहिला. आम्ही सगळे बाहेर येऊन बघत उभे.

गर्दीत गफूरभाई होते. आमच्या टँकरचे ड्रायव्हर. कुणीतरी विचारलं, "काय गफूरभाई, खूश का?"

"खूश तो हैच," गफूरभाई म्हणाले. "पैदा झालो तवा निजाम सरकार. मग हैदराबाद स्टेट. मग मुंबई झालं, मग महाराष्ट्र. आता नवा जिल्हा. मी आपला त्याच गल्लीत, त्याच घरात. पत्ताच लई फिरून राहिला!"

*

पाण्यासाठी गावानं काय केलं नाही? अध्यक्षसाहेबांनी शेवटी पाणाड्याला बोलावलं. अध्यक्षसाहेब म्हणजे जमीनजुमला असलेलं गावातलं जुनं घर, मोठा आवाज आणि मोठं मन. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन हापिसाच्या आवारात फिरला. फिरता फिरता व्हरांड्यात, तिथून आत, आणि थेट अध्यक्षांच्या केबिनमध्ये! त्यांच्या टेबलामागं नारळ ताडकन उभा राहिला.

"हितं पाणी हाय," पाणाड्या म्हणाला.

अध्यक्षसाहेब हबकले. "हितं तर मी बसतो!"

विरोधी पक्षाचे मेंबर दारातच उभे होते. "मग उठा की, साहेब. गावासाठी एवढं तरी करा. मी आत्ता ठराव मांडतो!"

अध्यक्ष खरंच उठले. खिडकीच्या बाहेर, शक्य तितकं जवळ, बोअर घेतलं. दिवसभर पांढरी भुकटी उडत राहिली. मी, बडेबाबू, साहेब, सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे. पाणी काही लागलं नाही.

विरोधी मेंबर जाताना म्हणाले, "असू द्या. अध्यक्ष तरी उठले!"

अध्यक्षसाहेब हसले, पण संध्याकाळी बाकी सगळे गेले तरी ते त्या कोरड्या भोकापाशी एकटेच उभे होते. मी टाइपरायटरवर झाकण घालून निघाले तेव्हा म्हणाले, "सुमन, लोकांना आता काय तोंड दाखवू गं?"

*

साहेबांना आमची बोली कळायला वेळ लागला. एकदा वस्त्यांवरून बोंब आली, टँकर आला नाही. साहेबांनी गफूरभाईंना गाठलं. विहिरीवरची मोटार चालू, पाईप टँकरमध्ये.

"गफूरभाई, टँकर भरला का?"

"भरून राहिलो, साब."

"भरून राहिलात? अहो, मग राहता कशाला? निघा!"

"निघूनच राहिलो की!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. बडेबाबूंना म्हणाले, "हा माणूस निघतोय की राहतोय, ते एकदा नक्की विचारा!"

पुढं साहेबांनीच नळयोजनेचा पाठपुरावा केला. लातूरला खेटे घालून मंजुरी आणली, पाईप टाकून घेतले. पाणी आलं आणि त्यांची बदलीही आली. निरोपाच्या कार्यक्रमात हार घातलेले साहेब उठले, माईक धरला आणि आमच्या बोलीत म्हणाले, "मी जाऊन राहिलो..." आणि गळ्यातला हार चाचपत तिथंच थांबले.

मागून गफूरभाई ओरडले, "साब, त्यातलं 'जाऊन' आमाला ऐकू आलं न्हाई! 'राहिलो' तेवढं ऐकू आलं!"

*

बडेबाबूंनाही नव्या जिल्ह्यानं नेलं. तिकडं अनुभवी माणसं हवी होती, म्हणून त्यांना लातूरच्या एका कचेरीत पाठवलं. गाव म्हणालं, नशीब काढलं! शहर, मोठं हापिस, डोक्यावर पंखा. जाताना त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला आणि स्वतः मात्र कपाला हात लावला नाही.

एका रविवारी मी बाजारातून येत होते. हापिस बंद, दाराला कुलूप. आणि व्हरांड्याच्या पायरीवर धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत बडेबाबू बसलेले!

"बडेबाबू, आज रविवार हाय. हापिस बंद हाय."

"म्हणून तर आलो," ते म्हणाले. "चालू हापिसात मला आता काय काम, म्हणत्याल ना लोक?"

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले. उठताना त्यांनी कुलूप ओढून पाहिलं, नीट लागलंय का ते.

*

आता अध्यक्षसाहेबांच्या घरचा. टंचाई वाढली तशी लोकांत कुजबुज सुरू झाली, टँकर आधी अध्यक्षांच्या दारात रिकामा होतो म्हणून. अध्यक्षसाहेब चिडले. भर चौकात सभा घेतली आणि छाती ठोकून म्हणाले, "उद्यापासून माझ्या घरीसुद्धा रांगेतलंच पाणी येईल!" टाळ्याच टाळ्या!

दुसऱ्या दिवशी मैदानात टँकर लागला. एरवी आमच्या बौद्ध वस्तीची विहीर वेगळी, वरच्या गल्लीची वेगळी. पण दोन्ही आटल्या होत्या, तेव्हा रांग एकच. माझी आई रांगेत उभी होती. मागं कोण आलं म्हणून वळून बघते, तर डोक्यावर पदर आणि कडेवर घागर घेऊन अध्यक्षसाहेबांची बायको! आईनं त्यांच्या शेतात खुरपणं केलेली. ती गडबडून बाजूला झाली.

"मालकीणबाई, तुमी म्होरं व्हा."

"म्होरं कशाला? मागनं आले, मागंच राहीन." आणि मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, "भाषण यांनी केलं, अन् घागर माझ्या कडंवर!"

सगळी रांग हसली. आईसुद्धा.

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. जी आधी येईल ती दुसरीची जागा धरायची. टँकर यायला उशीर व्हायचा, दुपार उतरायची, तोवर यांच्या गप्पा. सुना, गुडघे, माहेर. 'मालकीणबाई'ची कधी 'अक्का' झाली, ते आईलाही कळलं नाही. मी हापिसातून येताना लांबूनच त्यांचं हसणं ऐकायची.

मग नळ आले. ज्याचं पाणी त्याच्या अंगणात. मैदान ओस पडलं. आई आपल्याच नळाकडं बघत म्हणायची, "लई बेस झालं, बाई." आणि दुपार उतरली की उगाच मैदानापर्यंत जाऊन परत यायची.

"कुठं गेली होतीस?"

"कुठं न्हाई. सवय मोडंना."

*

आणि हा शेवटचा.

सुट्टीचा दिवस होता. मी घरीच होते. आमच्या वस्तीतल्या बायका दारादारांत धुणीभांडी करत होत्या. त्यांच्यात एकदम शांतता पसरली म्हणून मी बाहेर आले. वरच्या गल्लीतून, भर बाजाराच्या रस्त्यानं, घागर घेऊन अक्का आमच्या दारात येऊन उभ्या!

"सुमनची माय, घागरभर पाणी मिळंल का?"

आई पदराला हात पुसत पुढं आली. "का ओ अक्का? तुमच्याकडचा नळ बंद पडला?"

"न्हाई की. धो धो वाहून राहिला."

आई त्यांच्याकडं बघतच राहिली. मग तिनं त्यांच्या हातातली घागर घेतली, आमच्या नळाखाली लावली. अक्का आमच्या ओट्यावर टेकल्या.

"आधी तांब्याभर दे. उन्हाची आले."

आईनं तांब्या घासला, पुन्हा घासला, भरून दिला. अक्कांनी तो सगळ्या वस्तीदेखत तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामा करूनच. घागर भरली तशी ती कडेवर घेतली, पदर सारखा केला, आणि निघता निघता वळून म्हणाल्या,

"उद्या तू ये माझ्याकडं. अन् रिकामी घागर घेऊनच ये!"