चावडीवरची दुरुस्ती

आमच्या निमोण्यात तवा एकच पेपर यायचा आन् तो चावडीवर मोठ्यानं वाचला जायचा. बायको वारली म्हणून बातमी द्यायला सांगितली, तर मीच वारलो असं छापून आलं. वाचलं तवा मी तिथंच बसलेलो. अख्खी चावडी हसली. तिचं मरण त्या हसण्यात कुठल्या कुठं गेलं, ते मला लई लागलं.

चार-सहा दिवसांनी एक अनोळखी माणूस उन्हातनं चालत घरी आला. चष्म्याला दोरा बांधलेला, अंगठ्याला शाई. पाण्याचा तांब्या घ्यायच्या आधी त्यानं तो अंगठा धोतराला पुसला.

"आबा, दौंडच्या पेपरातनं आलो. छापायच्या आधी वाचून बघायचं काम माझं. तुमची बातमी मी न वाचताच सोडली."

"मालकानं धाडलं, का शिव्या खायची हौस हाय?"

"मालक म्हणले, पुढच्या अंकात कोपऱ्यात दोन ओळी टाक. पण चूक चावडीवर वाचली, मग दुरुस्ती कोपऱ्यात कशी चालंल?"

तो चावडीवर जाऊन उभा राहिला. आपली चूक सांगितली आन् खणखणीत आवाजात म्हणला, "सरूबाई वारल्या."

गावात तिला कुणी काकी म्हणायचं, कुणी मामी. मी तर जन्मात तिचं नाव घेतलं न्हवतं. चावडीवर ते पहिल्यांदाच ऐकलं. कुणी हसलं न्हाई.

मी म्हणलो, "पाव्हणं, तेवढं नाव परत एकदा घ्या."

त्यानं चष्मा पुसला आन् घेतलं.

भाकरी खाऊन तो गेला. त्याचं नाव इचारायचं मात्र राहूनच गेलं.