जोएलचा क्लब आणि रिकामं शेड

रिबेकाचं डोकं त्या रविवारी दुपारपर्यंत पार फिरलं होतं. प्रार्थनेहून येऊन तास झाला, ताटातला भात निवून गोळा झाला, आणि नवरा पलंगावर लॅपटॉप मांडून परदेशातल्या अकरा जणांवर खेकसत बसलेला. "अरे, पास दे की! लग्नात नाचायला आलायस का?"

जोएल गावित नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीवर वीस वर्षं सुपरवायझर आहे. शेडमध्ये पाय टाकला की कोंबड्यांच्या नुसत्या आवाजावरून सांगतो, पाण्याची लाइन कुठे तुंबलीय. आणि हाच माणूस तीन वर्षं इंग्लंडातल्या एका बड्या फुटबॉल क्लबाचा मॅनेजर होता. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळात. खेळाडू घ्यायचे, विकायचे, कोणाला कुठे उभं करायचं ते ठरवायचं, आणि मग सामना नुसता बघत बसायचं. रिबेकाला हेच उमगत नसे. बॉलला स्वतःचा पाय लावायचा नाही, तर मेल्या, घाम कसला पुसतोस?

त्या क्लबानं घरात काय थोडा उच्छाद मांडला? कालवण करपलं, कारण सामना. रिबेकाच्या भाचीचा साखरपुडा चुकला, कारण फायनल. कोंबड्यांचं खाद्य घेऊन येणारा धानोऱ्याचा भिकन टेम्पोतूनच ओरडायचा, "काय जोएल भाऊ, तुन्हा क्लब कसा शे?" की झालं! पोती टेम्पोतच राहायची आणि हे दोघं बांधावर बसून कोणाला सेंटरला खेळवावं यावर भांडायचे.

तरी रिबेकानं तो लॅपटॉप कधी लपवला नाही. त्याला कारण होतं.

चार वर्षांपूर्वी पोल्ट्रीवर रोग आला. हुकूम सुटला, सगळी शेडं रिकामी करा. धडधाकट पक्षीसुद्धा मारून पुरा. जोएलनं दोन दिवस आपल्या हातानं ते काम केलं, खड्डे बुजवले, घरी येऊन अंघोळ केली आणि पायरीवर बसला. तो बसला तो पाच महिने बसला म्हणा ना. कामावर जायचा, यायचा, पण तोंडातून दोनच शब्द: "हं" आणि "नको". चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले, भाऊ येऊन गेला, काही फरक नाही. मग सुट्टीत लिडिया आली. लिडिया म्हणजे त्यांची लेक, सुरतेला नर्सिंग शिकते. तिनं आपल्या जुन्या लॅपटॉपवर हा खेळ घालून बापापुढे ठेवला. तिसऱ्या दिवशी आतून आवाज आला, "रेफ्री आंधळा आहे का रे!" रिबेका भाकरी थापत होती. ती परातीवर वाकून रडली होती, हे तिनं आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आता यंदाची गंमत ऐका. गंमत कसली, कर्मकथा! क्लब पहिल्या नंबरवर, आणि साहेबांनी ठरवलं की टीम म्हातारी झाली. अठरा खेळाडू एका फटक्यात विकून टाकले.

"सगळे?" रिबेकानं विचारलं.

"जुनी बॅच काढायची तर एकदम काढायची. जुन्यात नवे मिसळले की रोग लागतो."

"बरं. मग नवे घे."

"लगेच? शेड धुवायचं, चुना मारायचा, पंधरा-वीस दिवस रिकामं ठेवायचं. मगच पिल्लं टाकायची."

"अरे लिडियाच्या बापा, माणसांना कसला चुना मारतोस?"

"घाई केली की काय होतं ते मी पाहिलंय," तो म्हणाला. रिबेका भांडी घासायला निघून गेली. तिनं बोलायला हवं होतं, असं तिला नंतर शंभरदा वाटलं.

कारण त्यानं खेळातले वीस दिवस शांतपणे पुढे ढकलले, आणि तेवढ्यात खेळाडू खरेदीची मुदत संपली. आता जानेवारीपर्यंत कोणाला घेता येईना! उरली कोण, तर ज्युनियर टीममधली शेंबडी पोरं आणि एक सदतीस वर्षांचा गोलकीपर, ज्याला कोणी फुकटसुद्धा नेलं नव्हतं. ओळीनं सात सामने हरले. संचालकांचा निरोप आला: रविवारचा सामना हरलात तर घरी जा.

तोच हा रविवार. रिबेका भांडी उगाच आपटत होती, पण कान तिकडेच होते. क्लब गेला खड्ड्यात, पण हा माणूस पुन्हा मुका झाला तर?

एक-एक बरोबरी. म्हाताऱ्यानं पेनल्टी अडवली तेव्हा जोएल पलंगावरून उडालाच. आणि शेवटच्या मिनिटाला एका पोरानं बॉल सरळ समोरच्या टीमच्या पायात दिला. गोल.

आत सगळं शांत झालं. रिबेका दारात आली. पडद्यावर दोन ओळी होत्या: संचालक मंडळ आपल्याला पदावरून दूर करत आहे, आजवरच्या सेवेबद्दल आभार. जोएलनं लॅपटॉप मिटला, बाहेर गेला आणि पायरीवर बसला. त्याच पायरीवर, तसाच, हात गुडघ्यांवर टाकून.

रिबेका ताटाकडे धावली. तिनं ताट नेऊन पुढ्यात ठेवलं.

"जेव."

"नको."

ती शेजारी बसली. तीन वर्षांत तिनं त्या क्लबाबद्दल शिव्यांखेरीज फारसा शब्द काढला नव्हता. काय विचारावं हेही तिला कळेना.

"तो म्हातारा," ती शेवटी म्हणाली. "गोलकीपर. त्याचं आता काय होणार?"

जोएलनं पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं.

"काढतील," तो पुटपुटला. मग मान वर केली. "पहिला त्यालाच काढतील! त्यानं पेनल्टी अडवली, पाहिलंस ना? आणि त्या संचालकांना खेळातलं ढेकळ कळतं! जन्मात बॉल पाहिला नाही, गाढवांनी! आणि तो पोरगा, मी त्याला सांगितलं होतं, शेवटची पाच मिनिटं बॉल बाहेर मार, बाहेर..."

तो हातवारे करत बोलतच सुटला. शेजारच्या फुलवंताबाईंनी कुंपणावरून डोकावून पाहिलं. रिबेकानं ताट उचललं आणि भात गरम करायला आत गेली. चुलीपुढे बसून तिनं पदरानं डोळे पुसले. त्याचा एकेक शब्द तिला स्पष्ट ऐकू येत होता.

"काय म्हणालास?" ती आतून ओरडली. "मोठ्यानं बोल, इकडे काही ऐकू येत नाही!"