सात सीटरची शेवटची रांग

मंडळी, आज सकाळी मुलगा-सुनेला घेऊन रहाटणीला मोठी सात सीटर गाडी बघायला गेलो. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये ती अवघड जाणार, सोसायटीत लावायलाही त्रास. पण घरातले सगळे एकत्र फिरतील, एवढ्यासाठी मी घ्यायला तयार होतो.

ट्रायलची चक्कर मारताना मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो. माझी आणि बायकोची जागा तीच असणार होती.

पुढच्या सीटवरून सूनबाई गाडी चालवणाऱ्या मुलाला हळूच म्हणाली, "अरे, एवढी मोठी कशाला? आई-पप्पा थोडेच दरवेळी येणारेत?"

"अगं, मागची सीट दुमडूनच ठेवायची. बॅगा मावतील."

उतरल्यावर मुलानं विचारलं, "पप्पा, कशी वाटली?"

म्हटलं, "झकास. मागं बसूनही पुढचं सगळं ऐकू येतं."

तो वाकून टायर बघायला लागला.

तुमच्या गाडीत शेवटच्या रांगेत कोण असतं, राव? माणसं की बॅगा?