भगवानरावाच्या मांडवातली गाय

सिंधूताईनं उभ्या जन्मात कोणाशी भांडण केलं नाही. विसरली मात्र काहीच नाही. नवरा गेल्यावर गावच्या सरकारी चराईत, पळस-बोरींच्या झुडपात, गाईमागं हिंडून तिनं पोरीला नर्स केलं. तांबडी त्याच गाईची नात.

यंदा ती चराई भगवानरावाच्या डोळ्यांत भरली. त्याच्या शेताच्या धुऱ्याला लागूनच होती. त्यानं मजूर लावून सगळ्या झुडपावर तणनाशक मारलं. रान जळलं की नांगर घालायचा. ना दवंडी, ना पाटी. तांबडी तो सुकलेला पाला चरून आली अन् सकाळी तोंडाला फेस.

सिंधूताई त्याच्या ओट्यापाशी गेली. "सांगाचं तरी होतं, भगवानराव."

"तुले काऊन सांगू वं? तुह्या बापाचं रान हाय काय?" तो हसला. "मेली त ओढून टाकजो. तुमच्या लोकायले सवय हाय."

सिंधूताईच्या सासऱ्यानं धम्म घेतला त्याच साली मेलं ढोर ओढणं सोडलं होतं. ती घरी आली.

दोन दिवसांनी ढोरांच्या डॉक्टरानं मान हलवली. "संध्याकाळ काही निघत नाही."

गोठ्यात निवांत मरू द्यावं, असं तिला वाटून गेलं. मग तिनं दावं सोडलं.

"मावशे, कुठी नेऊन राह्यली तिले?" शेजारच्या चांगुणानं विचारलं.

"साक्षगंधाले."

भगवानरावाच्या पोरीचा साखरपुडा होता. दारात मांडव, मलकापूरचे पाव्हणे. तांबडी दर चार पावलांवर बसे; सिंधूताई तिच्या कानाशी बोलून उठवी. मांडवातल्या गालिच्यावर आली अन् तिनं पाय दुमडले, मान टाकली.

"सिंधे! उचल हे!"

"तुमी उचला. तुमच्या फवाऱ्यानं मेली."

भगवानरावानं गड्यांकडं पाहिलं. ते मागं सरले.

"जेसीबी बलावू काय?" पोरगा गजेंद्र म्हणाला.

"मांडव मोडशीन काय बे?"

व्याह्यानं चहाची बशी खाली ठेवली. "भगवानराव, आटपा लवकर."

पांढऱ्या बाह्या वर चढल्या. बाप-लेक दाव्याला झोंबले. गाय हलेना.

"मांगच्या पायाले बांधा," सिंधूताई म्हणाली. "हाव, असं. आता वढा."

गावाच्या शिवेपर्यंत ती मागं मागं चालली. हात लावला नाही. तिथं भगवानरावानं धापा टाकत दोर सोडला अन् तो वळला.

ती वाटेत उभी होती.

"अन् खड्डा कोन खंदीन?"