खोखोच्या एका जागेसाठी लावलेली शर्यत

“सर, घड्याळाला नातंगोतं नसतं,” खोखो मंडळाचे सचिव म्हणाले आणि त्यांनी मोबाइलचा पडदा माझ्या डोळ्यांसमोर धरला.

पडद्यावर सर्वांत वर वैष्णवी होती, पेडगावची. शीतल, पिंगळीची, बरीच खाली. परभणीतल्या त्या मैदानाच्या कडेला दोन तिपायांवर किरणांचे यंत्र उभे केलेले होते. मुलगी पहिल्या किरणातून गेली की वेळ सुरू, दुसऱ्यातून गेली की बंद. मध्ये तीस मीटरची सरळ धाव. यंत्र नुकतेच आले होते आणि सकाळपासून मंडळाचा जो तो त्याच्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेत होता.

“नातंगोतं नसतं, मान्य,” मी म्हणालो. “पण त्याला खोखोही कळत नाही.”

एवढेच मी बोललो. मंडळाच्या वर्धापन सोहळ्यात सचिवांनी माइकवरून जी हकीकत सांगितली, तीत मी यंत्राच्या अंगावर धावून गेलो असे आहे. माझ्या उजव्या गुडघ्याची अवस्था जिल्ह्यातल्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाला ठाऊक आहे. मी कोणाच्याही अंगावर धावून जाऊ शकत नाही. लोक मात्र हसले, आणि जे हसण्यासारखे असते ते खरे मानले जाते. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. मंडळाचे नाव देत नाही. ते घ्यावे अशी माझी इच्छा उरलेली नाही.

प्रसंग असा होता. अठरा वर्षांखालील मुलींचा संघ राज्य स्पर्धेला जायचा होता. निवड समितीत आम्ही तिघे: सचिव, मंडळाचा तरुण प्रशिक्षक सोळंके, आणि चाळीसएक वर्षे मुलामुलींना खोखो शिकवून निवृत्त झालेला मी. संघ जवळजवळ ठरला होता. एक जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोन मुली. शीतलचे त्या वयोगटातले ते शेवटचे वर्ष. राज्य स्पर्धेतूनच पुढे राज्याचा संघ निवडतात. तिथे जी उतरली नाही, तिला कोणी पाहिलेच नाही असे समजायचे. वैष्णवीला अजून एक वर्ष हातात होते. हा फरक मी समितीपुढे ठेवला नाही, कारण निवड दयेवर होऊ नये असे माझे मत आहे. मी फक्त खेळाविषयी बोललो.

“वेग हाच पाया आहे, सर,” सोळंके म्हणाला. हा चांगला मुलगा. कुठलासा कोर्स करून आला होता. “बाकी सगळं शिकवता येतं. वेग शिकवता येत नाही. वेगवान मुलगी घ्यायची आणि तिला खोखो शिकवायचा.”

“राज्य स्पर्धा किती दिवसांवर आहे?”

“पुढच्या महिन्यात.”

“मग शिकवणार कधी? गाडीत?”

सचिव हसले नाहीत. सोळंके हसला आणि मग सचिवांकडे पाहून थांबला.

ज्यांनी खोखो केवळ शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोन खांबांच्या मध्ये आठ जणी एका ओळीत बसतात, एकीचे तोंड इकडे, दुसरीचे तिकडे. नववी पाठलाग करते. पळणारीला ओळीतून आरपार जाता येते, पाठलाग करणारीला येत नाही. शिवाय पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही. वळायचे असेल तर खांबापर्यंत जाऊन यावे लागते. पळणारी ओळीतून पलीकडे गेली, तर त्या बाजूला तोंड करून बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून खो द्यायचा आणि तिच्या जागी बसायचे. आणि हा खो त्या गड्याच्या चौकटीतूनच द्यावा लागतो. चौकट ओलांडून गेलात आणि मग हात मागे टाकलात, तर पंच शिट्टी मारतो.

आता विचार करा. सुसाट आलेली मुलगी दोन पावले जास्त जाते. तेवढ्यात खो देण्याची जागा निघून जाते. मागे वळता येत नाही. पळणारी मागे उभी राहून श्वास घेते आणि ही खांबाकडे धावत राहते. जितका वेग जास्त, तितकी ती चुकीच्या दिशेने लवकर लांब जाते. वेग वाईट आहे असे मी कधीही म्हटलेले नाही. वेग आवरता आला पाहिजे, एवढेच म्हटले. आवरण्याचे माप घेणारे यंत्र मंडळाने आणलेले नव्हते.

“मग एक डाव वैष्णवीला खेळवा, एक शीतलला,” मी म्हणालो. “बाकीच्या आठ जणी त्याच. पळणाऱ्या मुली त्याच. डोळ्यांनी बघा.”

“वेळ न्हाई सर,” सचिव म्हणाले. “आमदार साहेब यायलेत बक्षिसं द्यायला.”

“आमदार साहेब खोखो बघायला येत असतील तर त्यांना तो दाखवायला नको का?”

शेवटी डाव झाले. त्या डावांविषयीही दोन हकीकती आहेत.

सचिवांची हकीकत अशी की शीतलने एकही गडी बाद केला नाही. अक्षरशः पाहिले तर हे खरे आहे, आणि म्हणूनच ते जास्त खोटे आहे. शीतल पळणारीच्या मागे कधी पूर्ण जोरात गेलीच नाही. ती तिच्या खांद्याकडे बघत जायची. पळणारीचा खांदा ओळीकडे झुकला रे झुकला, की शीतलचा खो दिला गेलेला असायचा. पळणारी पलीकडे निघायची आणि तिथे ताजी मुलगी उठून उभी. तीन गडी असे बाद झाले. तिन्ही वेळा हात दुसरीचा लागला आणि टाळ्या दुसरीला मिळाल्या. शीतल तोवर तिच्या जागी खाली बसलेली होती. खोखोत चांगले काम करणारा गडी बऱ्याचदा बसलेलाच दिसतो. हे बघायला डोळे लागतात.

वैष्णवीच्या डावात दोनदा चौकट हुकली. दोनदा ती खांबापर्यंत जाऊन परत आली आणि पळणाऱ्या मुली तोवर केस बांधून घेत होत्या. मग एक पळणारी मोकळ्यावर सापडली. वैष्णवी तिच्यामागे जी सुटली ती पाहण्यासारखीच होती. अंग झोकून देऊन तिने तिला खांबाजवळ गाठले. धुळीचा लोट उठला. सगळे मैदान ओरडले. मीही टाळी वाजवली. हे कोणी सांगत नाही.

“बगा सर! हे शिकवता येतं का कुणाला?” सचिव म्हणाले.

“येत नाही. पण एवढ्यावर डाव निघत नाही.”

“तुमचा राग मला कळतोय.”

“कसला राग?”

ते टाळ्या वाजवत वैष्णवीकडे निघाले. पिंगळीच्या वाघमारे मॅडम, शीतलच्या क्रीडाशिक्षिका, बाजूला उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

या रागाचा उलगडा करणे आवश्यक आहे, कारण नंतर सर्वत्र हेच पसरले. वैष्णवी पूर्वी माझ्याकडे शिकत होती. सातवीपासून. पुढे ती माझे मैदान सोडून मंडळाच्या अकादमीत गेली, तिथे मातीऐवजी मॅट होती म्हणून. तेव्हा लोकांनी जुळवले: ती सोडून गेली, म्हणून म्हातारा तिला आडवा आला. या हिशेबाने शीतल तरी माझी कोणीतरी असायला हवी होती. ती माझी विद्यार्थिनी नव्हती. तिच्या घरी मी कधी चहा घेतलेला नाही. त्या दिवसापूर्वी मी तिच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो. आणि वैष्णवीचा वेग आवरत नाही हे मला ठाऊक होते, कारण तो आवरायला शिकवण्यात माझी दोन वर्षे गेली होती आणि ते अर्धे राहिले असताना ती गेली. तिच्या खेळातला दोष माझ्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता. याला राग म्हणत नाहीत, माहिती म्हणतात.

बैठक मैदानाच्या कार्यालयात झाली. मी आवाज चढवला, हे खरे आहे. टेबल आपटले, हे खोटे आहे.

“पळता येणं आणि खेळता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत,” मी म्हणालो. “वैष्णवीला आज पळता येतं. शीतलला खेळता येतं. ही निवड खेळाची आहे. शीतलला घेतलं नाही तर तुम्हाला खोखो कळत नाही, असं मी जिल्हाभर सांगेन.”

“सर, जरा हळू,” सोळंके म्हणाला. “बाहेर पोरी हायत.”

“ऐकू द्या. त्यांच्याचविषयी चाललंय.”

सचिव पेला उचलून पाणी प्यायले, सावकाश. मग म्हणाले, “सोळंके, तुमचं मत?”

सोळंके मंडळाच्या पगारावर होता. त्याचे मत वैष्णवी हे निघाले. दोन विरुद्ध एक. मी रागाने निघून गेलो असे सांगतात. मी निघालो ते आमदारांची गाडी आल्यावर माझी खुर्ची त्यांच्या माणसांसाठी बाहेर नेली म्हणून.

राज्य स्पर्धेला मी स्वखर्चाने गेलो. पहिले दोन सामने आपण सहज जिंकले. दुबळ्या संघांपुढे वेग पुरतो. वैष्णवीचे व्हिडिओ ग्रुपवर फिरले आणि खाली माझ्या नावाने हसणारे चेहरे आले. मी ते बघितले. उत्तर दिले नाही.

तिसऱ्या सामन्यात समोरचा संघ जाणता होता. त्यांच्या मुली बसलेल्या ओळीला चिकटून खेळल्या, मोकळ्यावर आल्याच नाहीत. एका गड्याआड एक, आत-बाहेर, आत-बाहेर. वैष्णवी आली की त्या फक्त एक पाऊल थांबायच्या आणि ही पुढे निघून जायची. मॅटवर पाय मातीसारखा रुतत नाही; ती आणखीच लांब जायची. प्रेक्षकांत कोणीतरी मोजायला लागले की ही किती वेळा खांब शिवून आली. पोरीचा चेहरा लाल झाला होता. सोळंकेने तिला बदलायला हवे होते. पण बदलायला त्या कामाची दुसरी मुलगी त्याच्याकडे होती कुठे? ती पिंगळीत होती.

सामना गेला. मला त्याचा आनंद झाला असेही सांगतात. मी उत्तर देत नाही.

पण पुढचे सांगायलाच हवे. परतीच्या गाडीत, सगळ्या मुलींसमोर, सचिव वैष्णवीला म्हणाले, “तुला नुसतं पळता येतं गं, खेळता येत नाही.” हे मला तिच्याच वडिलांनी येऊन सांगितले, वाक्य मूळ माझे आहे अशी त्यांची तक्रार होती. वाक्य माझेच आहे. पण मी ते निवडीआधी, निवडणाऱ्यांना, निवड सुधारावी म्हणून सांगितले होते. त्यांनी ते हरल्यावर, सोळा वर्षांच्या पोरीला, आपली कातडी वाचवण्यासाठी सांगितले. हा फरक ज्याला कळत नाही, त्याने निवड समितीवर बसू नये. वैष्णवीने नंतर खोखो सोडला. तिचे एक वर्ष अजून शिल्लक होते.

हिवाळ्यात पिंगळीच्या शाळेत सामने होते. वाघमारे मॅडमनी मला पंच म्हणून बोलावले. सकाळी गेलो तर शीतल मैदानावर फक्की मारत होती, दोरीच्या कडेने चुना टाकून रेघा आखत. वय सरले होते. आता मॅडमना मदत करायची. रेघ सरळ होती. मी तसे म्हणालो.

“बसा सर, चहा आणते.”

“चहा नको. तुझ्यावर अन्याय झाला. मी शेवटपर्यंत भांडलो, हे तुला ठाऊक असावं म्हणून सांगतो.”

तिने हातावरचा चुना झटकला. “ठाऊक हाय सर. खिडकीखालीच उभ्या होतो आमी.”

“मग?”

“मग काय न्हाई.” तिने दोरी थोडी ताणून सरळ केली. “सर, राग येऊ देऊ नका. सचिव साहेब नंतर मॅडमला म्हणले, शीतलला घेतली असती, पोरगी चांगली हाय. पण घेतली की सर गावोगाव सांगत फिरले असते, मीच घ्यायला लावली म्हणून.” मग ती अगदी सहज म्हणाली, “तुमी भांडला नसता तर घेतलं असतं मला.”

मॅडम शेजारीच येऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी नाही म्हटले नाही.

मुलांना मैदानावर बोलावणारी शिट्टी झाली. शीतल चुन्याचा डबा उचलून दुसऱ्या खांबाकडे रेघ पूर्ण करायला गेली.

या प्रकरणातल्या प्रत्येक हकीकतीला मी उत्तर दिले आहे. ही तेवढी तशीच ठेवतो. सचिव शब्दाला जागणारे गृहस्थ नाहीत, तेव्हा त्यांनी तिला खरोखर घेतले असते की नाही हे सांगता येणार नाही. आणि घेतले नसते हेही मला सिद्ध करता येत नाही.

नव्याने समितीवर जाणारे शिक्षक कधीमधी सल्ला विचारतात. मी त्यांना सांगतो, खेळ कळत असेल तर मत हळू आवाजात द्यावे, म्हणजे ते दुसऱ्याला आपलेच म्हणून घेता येते. वेगापेक्षा हे जास्त उपयोगी पडते. मला ते कधी जमलेले नाही.