अप्पांच्या मागाला तिकीट

भाव न करता मी आयुष्यात एकच वस्तू दिली, ती म्हणजे आमच्या वडिलांचा, अप्पांचा, घोंगड्या विणायचा माग. एरवी शेळ्यामेंढ्यांच्या व्यापारात मी जे काही उभं केलं, टेम्पो काय, घर काय, ते या जिभेच्या जोरावर. पण घनसावंगीच्या वाटेवर, कापसाच्या जुन्या गोदामात, शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी जुन्या वस्तूंचं संग्रहालय काढलं आणि माग मागितला. मी ‘न्या’ म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण माझ्याच टेम्पोत घालून, माझ्याच डिझेलवर नेऊन दिला.

माग गेल्यापासून अप्पांना ओसरी रिकामी वाटायची. तिथं नीट ठेवलाय का, एकदा बघायचंय म्हणाले. म्हणून एका रविवारी घेऊन गेलो. अप्पांनी धुतलेला सदरा घातला, खांद्यावर पांढरं उपरणं टाकलं. दारात टेबल, टेबलामागे बाई.

“दोघांचे चाळीस,” बाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. “बाई, आतला माग कुणाचाय?”

“तुमचाच. पण पत्रे, लाइट अन् वाळवीचं औषध माझ्या पेन्शनीतून येतं. सुरुवातीला फुकट ठेवलं, तर लोक पंख्याखाली झोपायला यायचे. एकानं तर जात्यावर डबा मांडून जेवण केलं.”

“मंग झोपणाऱ्याकडनं घ्या ना! आम्ही काय गोधडी घेऊन आलो का?”

“तुम्हाला सोडलं की नांगरवाले येतील, मग जातंवाले. निम्म्या पंचक्रोशीनं काही ना काही दिलंय. तिकीट काढायला उरेल कोण?”

बाईंचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी दहापासून सुरुवात केली. बाई चाळीस. मी पंधरावर आलो, वर शेळीचं दूध देतो म्हणालो. बाई चाळीस. असं गिऱ्हाईक मी परतूरच्या बाजारातसुद्धा पाहिलं नव्हतं. शेवटी दात-ओठ खात पाकीट काढलं, तर अप्पांनी माझं मनगट धरलं.

“ठेव खिशात. माल दावायच्या आधी पैसे घेतंय का कुणी?”

“बरं, तुम्ही तसेच चला आत,” बाई नरमल्या. “तुमचं राहू द्या.”

“फुकट बी न्हाई. मी काय मागून खाऊन राह्यलो का?” असं म्हणून अप्पा बाहेर लिंबाखाली जाऊन बसले.

आता आली पंचाईत. पैसे भरले तरी ते येणार नव्हते, माफ केले तरी येणार नव्हते. आणि माग बघितल्याशिवाय घरी गेले असते तर आठवडाभर जेवण गोड लागलं नसतं, त्यांनाही आणि मलाही.

शेवटी बाईच उठून लिंबाखाली गेल्या. “अप्पा, मग कसं करायचं?”

“मेंढीचे दात बघितल्याबिगर पैसे देतो का आपण? आधी बघू, मंग सौदा करू.”

“बाजार समितीसुद्धा सौदा झाल्यावरच पावती फाडते,” मी घुसलोच.

“आणि बघून पळून गेलात तर?”

“या गुडघ्यांनी?” अप्पा म्हणाले. बाईंना हसू आवरेना.

आत गेलो. माग खिडकीपाशी, स्वच्छ पुसून ठेवलेला. बदनापूरहून आलेलं एक कुटुंब तिथं उभं होतं. त्यांना अप्पांनी लोकर कशी पिंजायची इथपासून चिंचोक्याच्या खळीच्या वासापर्यंत सगळं सांगितलं. घरी याच मागाला ते कंबरदुखीचं मूळ म्हणायचे. इथं मात्र छाती काढून, “आमचाय ह्यो!” दोरी ओलांडून चौकटीवरून हात फिरवला. बाईंनी ‘हात लावू नये’ या पाटीकडं बोट दाखवलं नाही.

बाहेर आल्यावर अप्पांनी उपरणं हातावर पसरलं आणि हात पुढं केला. बाई गोंधळल्या. मी सांगितलं, आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरायची, जितकी बोटं तितका भाव. भोवतालच्यांना पत्ता लागत नाही.

बाईंनी लाजत हात आत घातला. अप्पांचा चेहरा दगडासारखा झाला. बाईंनी मान हलवली. उपरण्याखाली पुन्हा काहीतरी हललं. अप्पा ‘चक्’ करून आकाशाकडं बघायला लागले. तिसऱ्यांदा दोघंही एकदम खळखळून हसले.

“झाला सौदा!” अप्पांनी कनवटीचे पैसे बंद मुठीतून दिले.

“किती दिले?”

“सौद्यात तिसऱ्यानं बोलायचं नसतंय, लेका.”

टेम्पोत घर येईपर्यंत विचारत होतो. सांगितलं नाही, अजूनही सांगत नाहीत.

हल्ली बाईंचं टेबल बाहेर पडायच्या दाराशी असतं. आधी बघा, मग द्या. खुर्चीला एक उपरणं अडकवलेलं असतं. बाजाराला आलेले मेंढपाळ त्याखाली हात घालून भाव ठरवतात, आणि बाई आता कुणाला हार जात नाहीत. माझ्यासाठी मात्र त्या उपरणं काढत नाहीत. म्हणतात, “तुम्ही नको, बोटं मोडाल माझी.” मग मी छापील वीस रुपये मोजून देतो, दर वेळी भांडून. अप्पा तोवर आत कुणाला तरी माग दाखवत असतात आणि हाक मारली तरी बाहेर येत नाहीत.