सरांनी सुचवलेला टीव्ही

सल्ला मागणं ही चूक आहे असं मला अजूनही वाटत नाही. लखनऊला बदली झाली तेव्हा दूध कुठून घ्यायचं, गहू कुठे दळायचा, मुलीला शाळेत रिक्षाने पाठवायचं की बसने, हे सगळं मी छावणीतल्या बायकांना विचारूनच ठरवलं आणि एकदाही पस्तावले नाही. दर दोन-तीन वर्षांनी घर उचलून नव्या गावात मांडायचं तर विचारल्यावाचून चालत नाही. पण टीव्ही घेताना मी विचारलं, आणि त्यानंतर जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही. इतक्या जणांनी सल्ला दिला, पण टीव्ही बघणार कोण, हे एकानेही विचारलं नाही.

बघणार होते माझे सासरे. सांगलीच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवत. सासूबाई गेल्यावर ते एकटे पडले, म्हणून आम्ही त्यांना लखनऊला आणलं. हे नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचं. छावणीतलं क्वार्टर मोठं, पुढे बाग, मागे मोकळी जागा. सगळं छान, फक्त आम्ही दोघं सोडलो तर बाबांशी मराठीत बोलणारं कोणी नाही. मुलीला मराठी समजायचं, पण ती उत्तर हिंदीत द्यायची. भाजीवाल्या भैयाशी बाबा 'हमको ताजा वाला दोडका मंगता' असं बोलायचे आणि तो बिचारा समजून घ्यायचा. त्यात बाबांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. कानाचं यंत्र होतं, पण ते शिट्ट्या मारायचं, म्हणून डबीतच राहायचं.

त्यांचा खरा विरंगुळा म्हणजे मराठी नाटकांच्या व्हिडिओ कॅसेट. माझी नणंद पुण्याहून येणाऱ्या कोणाहीबरोबर त्या पाठवायची आणि आम्ही चारबाग स्टेशनवर जाऊन ती पिशवी घेऊन यायचो. संध्याकाळी सगळे एकत्र बसून नाटक बघायचो. पहिल्या काही महिन्यांत बाबा मधूनमधून विचारायचे, "काय म्हणाली गं ती?" माझी मुलगी टीव्हीवरची नजर न काढता सांगायची, "कुछ नहीं आजोबा, ऐसे ही." तिला मी रागवायचे, पण मीसुद्धा कधी "सांगते नंतर" म्हणून वेळ मारून न्यायचे. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. मग माझ्या लक्षात आलं की ते नाटक बघतच नाहीत, आमच्याकडे बघतात. आम्ही हसलो की ते हसतात. थोडं उशिरा.

आमच्या जुन्या टीव्हीला हेडफोन लावायची सोय होती. एकदा यांनी तो आणून बाबांच्या कानाला लावला. बाबांचा चेहरा फुलला. पण हेडफोन लावला की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद व्हायचा. आम्ही तिघं मुक्या चित्राकडे बघत बसलो आणि बाबा एकटेच हसत होते. थोड्या वेळाने त्यांचं आमच्याकडे लक्ष गेलं. त्यांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, "तुम्ही बघा. मला तसंही येतंय ऐकू." दुसऱ्या दिवसापासून नाटक लागलं की ते खुर्ची घेऊन व्हरांड्यात जाऊन बसायला लागले. रस्त्याकडे तोंड करून.

म्हणून टीव्ही बदलायचा होता. माझी गरज मी एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवली होती आणि ती एका ओळीची होती: हेडफोन लावल्यावर टीव्हीचाही आवाज चालू राहिला पाहिजे आणि दोन्हींचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे. बस. यात कठीण काय होतं?

बायकांच्या मासिक सभेत चहाच्या वेळी मी विषय काढला. इथेच माझं चुकलं. दुधाबद्दल मी शेजारणीला स्वयंपाकघराच्या दारात विचारलं होतं. टीव्हीबद्दल मी सगळ्यांसमोर विचारलं, आणि त्या सगळ्यांमध्ये यांच्या युनिटच्या प्रमुखांची पत्नी बसली होती. प्रमुखांना आम्ही घरातही 'सर'च म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला 'मॅडम'. आमच्या जगात सल्ल्यालाही हुद्दा असतो, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

सुरुवातीला मजा आली. एक म्हणाली, मोठा घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी रडाल. दुसरी म्हणाली, बाहेरच्या देशातून कोणी येत असेल तर त्यांच्याकडून मागवा. समोरच्या क्वार्टरमधली मैत्रीण म्हणाली, "भाभीजी, सादा लीजिए, हमारे जैसा. ज्यादा फंक्शन मतलब ज्यादा खराबी." तिचं मला पटत होतं. मी हेडफोनचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "मैं सर से पूछकर बताती हूँ. उन्हें इन चीज़ों की बहुत नॉलेज है."

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसातून आले ते चेहरा पाडून.

"तू मॅडमना काय सांगितलंस?"

"टीव्हीचं विचारलं. का?"

"सरांनी बोलावून घेतलं मला. एवढा मोठा पडदा, खाली वूफर, बरोबर म्युझिक सिस्टीम, त्यावर हजार वॉट लिहिलेलं असलं पाहिजे म्हणे. दुकानही सांगितलंय. लाटूश रोडवर त्यांच्या ओळखीचं आहे. शनिवारी स्वतः येणार आहेत बरोबर."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? मदत म्हणून."

"अहो, पण त्यांच्या घरी बाबा राहतात का?"

 हे बूट काढत बसले. मग म्हणाले, "अगं, त्यांनी इतकं सांगितल्यावर दुसरं कसं घ्यायचं आता? उद्या घरी चहाला आले तर?"

म्हणजे माझ्या दिवाणखान्यात काय ठेवायचं, हे चहाला येणाऱ्यांनी ठरवायचं! मी समोरच्या मैत्रिणीकडे गेले. म्हटलं, तू सांगितलेलाच टीव्ही मला बरा वाटतो, तुझ्या यांच्याकडून जरा माहिती घेऊन दे. ती मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही. "नहीं भाभीजी, सर ने जो बोला वही बेस्ट है. वूफर का मज़ा ही अलग है." काल 'ज्यादा फंक्शन मतलब ज्यादा खराबी' म्हणणारी हीच बाई! दोन दिवसांत सभेतल्या सगळ्यांना अचानक वूफर आवडायला लागला. एकीने तर मला रस्त्यात थांबवून अभिनंदन केलं, टीव्ही यायच्या आधीच.

शनिवारी मी बाबांना पांढरा शर्ट काढून दिला आणि म्हटलं, चला. यांनी भुवया उंचावल्या. "बाबांना कशाला त्रास?" मी म्हटलं, "चप्पल घ्यायला गेलो तर पाय घरी ठेवून जातो का?"

लाटूश रोडवर नेहमीसारखी गर्दी. दुकानात सर आमच्या आधी पोचले होते आणि मालकाने त्यांना खुर्ची, थंड पाणी, सगळं दिलं होतं. बाबांना बघून सर मनापासून खूश झाले. तसा माणूस वाईट नव्हता, हे मी सांगितलंच पाहिजे. त्यांनी उठून बाबांना स्वतःची खुर्ची दिली. मग मालकाला म्हणाले, "ज़रा अंकलजी को दिखाइए."

मालकाने कॅसेट लावली. गाड्या उडत होत्या, पूल कोसळत होता. काचेच्या कपाटातले टेपरेकॉर्डर थरथरायला लागले. बाहेरून जाणारे दोघं-तिघं दारात थांबून बघायला लागले. सर वाकून बाबांच्या कानाशी ओरडले, "अंकल! अब सुनाई दे रहा है ना?"

बाबा हसले. "हां हां. बहुत अच्छा."

"देखा?" सर यांच्याकडे वळून म्हणाले. मालकाने बिलबुक उघडलंसुद्धा.

बाबांचं ते हसू मला घरून माहीत होतं. पडद्यावर तेव्हा एक बाई रडत काहीतरी सांगत होती. मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "बाबा, ती बाई आत्ता काय म्हणाली?"

बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आवाज येतोय गं," ते म्हणाले. "शब्द येत नाहीत."

सरांनी विचारलं, "क्या कह रहे हैं?"

आणि माझा नवरा, स्वतःच्या वडिलांच्या खुर्चीला हात लावून उभा असलेला, म्हणाला, "कुछ नहीं सर."

मला एकदम इतका राग आला की हातातली पर्स मी काउंटरवर आपटली. मुलगी लहान होती, तिचं 'कुछ नहीं' मी समजू शकत होते. मी हिंदीत, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सर, 'कुछ नहीं' नहीं. वो कह रहे हैं कि आवाज़ आ रही है, शब्द समझ में नहीं आ रहे. और टीवी इन्हीं के लिए लेना है."

 टीव्हीतला पूल पुन्हा कोसळत होता. मी मालकाला म्हटलं, "पहले इसे बंद कीजिए. फिर दुकान में जितने टीवी हैं, सब में एक-एक करके हेडफोन लगाकर दिखाइए."

"मैडम, टीवी में हेडफोन कौन लगाता है?"

"हम लगाते हैं."

सर हसून म्हणाले, "भाभीजी, आप तो नाराज़ हो गईं. इसमें हेडफोन होगा ही, इतना बड़ा सेट है." लावून पाहिलं. हेडफोन होता, पण लावताच हजार वॉट आणि वूफर सगळे मुके झाले. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याला हेडफोनचं भोकच नव्हतं. मालक प्रत्येक वेळी उसासा टाकून वायर काढत होता. सरांनी घड्याळ पाहिलं, मेसमध्ये काहीतरी कार्यक्रम असल्याचं म्हणाले आणि यांच्या खांद्यावर हात ठेवून निघाले. जाताना हळू आवाजात म्हणाले, "देख लो यार, जैसा घर में ठीक लगे." हे दारापर्यंत त्यांना सोडायला गेले.

मला वाटलं आता हे परत येतील ते माझ्यावर चिडून. आले ते थेट काउंटरकडे गेले. मालकाच्या हातातून त्यांनी हेडफोन घेतला आणि कोपऱ्यातल्या, मधल्या आकाराच्या एका टीव्हीला स्वतः लावला. त्यावर एक बाई बातम्या देत होती. टीव्हीचा आवाज बंद झाला नाही. यांनी हेडफोन बाबांच्या डोक्यावर बसवला, बाजूचं बटण जरा जरा फिरवत राहिले आणि बाबांच्या तोंडासमोर वाकून विचारलं, "बाबा, काय म्हणतेय?"

बाबांनी डोळे बारीक केले. मग कानाला हेडफोन लावलेला माणूस बोलतो तसं, ओरडूनच, त्यांनी सांगलीच्या हिंदीत ते आख्खं वाक्य म्हणून दाखवलं. कुठल्यातरी पुलाच्या उद्घाटनाचं होतं. पुढचंही म्हणाले. त्याच्या पुढचंही. दारातली माणसं हसायला लागली, पण बाबांना त्याची पर्वा नव्हती. हवामान लागलं तेव्हा यांनी त्यांना थांबवलं. यांचे डोळे ओले झाले होते आणि ते मालकाकडे पाठ करून हेडफोनची वायर उगाचच गुंडाळत होते.

तो टीव्ही आम्ही त्याच दिवशी घरी आणला. वूफर नव्हता. चहाला बरेच दिवस कोणी आलं नाही, आणि पुढच्या सभेत मॅडमनी मला टीव्हीऐवजी खिडक्यांच्या पडद्यांबद्दल विचारलं. समोरची मैत्रीण मात्र एकदा बघून गेली आणि म्हणाली, "छोटा है, पर ठीक है." मी तिला चहा विचारला नाही. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. वर्षाअखेरीच्या पार्टीत सरांनी चार लोकांत हसत सांगितलं, की इनके घर में हमारी नहीं चलती. हसले सगळे. मी नाही हसले. सल्ला न मानणं हा विनोदाचा विषय, आणि ज्याच्यासाठी वस्तू घ्यायची त्याला न विचारणं हा कोणालाच विषय वाटत नाही, हे मला तेव्हाही सहन झालं नाही.

पहिल्या संध्याकाळी आम्ही नणंदेने पाठवलेलं नाटक लावलं. त्याआधी आम्ही ते दोनदा पाहिलं होतं, बाबा धरून. त्यांनी हेडफोन लावला, पहिला अंक एकही शब्द न बोलता ऐकला. आम्ही नेहमीच्या जागी हसलो. बाबा हसले नाहीत. मध्यंतर आलं तेव्हा त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला.

"एवढं भिकार नाटक!" ते म्हणाले. "आणि तुम्ही त्याला इतके हसत होता?"

"आजोबा, बहुत अच्छा है!" मुलगी उसळून म्हणाली.

"काय अच्छा? त्या नोकराच्या तोंडी एक तरी धड वाक्य आहे का? दुसरी कॅसेट लाव."

"मैं नहीं लगाऊँगी. मेरे को यही देखना है."

"मग भांड माझ्याशी," म्हणाले बाबा आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून बसले.